आयसीयूत नवीन लागलाय? एबीजीच्या चिठ्ठीवरचा बायकार्ब बघत चला

कोल्हापुरात आयसीयूला नवीन जॉईन झालेल्या पोरापोरींसाठी लिहायलोय, रेसिडेंट असा नाहीतर स्टाफ. एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी, आणि बायकार्ब म्हणजे रक्तातला आम्लाचा तोल सांगणारा त्यातला आकडा. पावसाळा लागला की गगनबावडा, राधानगरीकडनं ताप आणि दम घेऊन पेशंट यायला लागतात, एक्सरेत दोन्ही फुप्फुसं पांढरीफेक, पी/एफ रेशो काढायचा (रक्तातला ऑक्सिजन म्हणजे पीओटू, भागिले आपण देतोय तो ऑक्सिजन; पीओटू ७२, ऑक्सिजन ६० टक्के म्हणजे ७२ भागिले ०.६, आले १२०), १०० ते २०० च्या मधे म्हणजे मॉडरेट एआरडीएस (फुप्फुसं सुजून ऑक्सिजन घसरतो तो आजार), फाईलवर लिहिलं, झालं. पण हा रेशो नुसता ऑक्सिजन किती बिघडलाय ते सांगतो, आत काय पेटलंय ते नाही सांगत.

२०१४ ला अमेरिकेत कॅरोलिन कॅल्फी आणि त्यांच्या टीमनं दोन जुन्या ट्रायलचा डेटा परत चाळला तेव्हा एआरडीएसच्या पेशंटचे सरळ दोन गट पडले. साधारण तिसरा हिस्सा हायपरइन्फ्लमेटरी, म्हणजे अंगात दाह पेटलेला, आयएल-६ वगैरे दाहाचे मार्कर चढलेले, बायकार्ब खाली, शॉक जास्त, मृत्यूही जास्त. बाकीचे हायपो, म्हणजे दाह कमी. पुढं सिमवास्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉलची गोळी) जुन्या ट्रायलमधे बघितलं तर फायदा फक्त हायपरवाल्यांत दिसला, पण ते मागाहून केलेलं गणित, त्यावर कुणी गोळी सुरू करू नका.

गट ओळखायला तीन गोष्टींवर बऱ्यापैकी भागतं, आयएल-६, टीएनएफ रिसेप्टर-१ (हाही दाहाचाच मार्कर) आणि बायकार्ब. पहिल्या दोन्हींसाठी बेडपाशी चालणारं मशीन यूके-आयर्लंडमधे फाइंड (PHIND) स्टडीत वापरलं, आपल्याकडं ते राऊंडला मिळेल अशी आशा धरू नका. तिसरी मात्र प्रत्येक एबीजीच्या चिठ्ठीवर छापलेली असते आणि निम्मे लोक पीओटू बघून चिठ्ठी फाईलला लावतात! मला याचा लय राग येतो.

म्हणून सॅम्पल नीट घ्या. सिरिंजमधे पातळ हेपरिन जास्त राहिलं की रक्त पातळ होतं आणि बायकार्ब, सीओटू दोन्ही खोटे कमी येतात. एकदा ओढून सगळं बाहेर ढकला, आतून नुसतं ओलं राहिलं तरी बास. बुडबुडा लगेच काढा. आणि बायकार्ब १६ आला म्हणून लगेच हायपर म्हणू नका, किडनी गेलीय का, जुलाब आहेत का, डायबेटिक आहे का ते आधी बघा. उलट जुन्या सीओपीडीवाल्याचा (फुप्फुसाचा जुनाट आजार) आधीच वर असतो, तिथं २४ पण कमी असू शकतो. बायकार्बच्या जोडीला नॉरअ‍ॅड (बीपी धरून ठेवायचं औषध) किती चाललंय, लॅक्टेट (शॉकमधे चढतं ते) किती, हे एका ओळीत लिहून राऊंडला सांगा, सर लोक ऐकतात.

व्हेंटची सेटिंग मात्र दोन्ही गटांत तीच. टेप घेऊन झोपलेल्या पेशंटची उंची मोजा, नातेवाईक सांगतील ती धरू नका. १६५ सेंमीचा गडी म्हणजे उंचीवरनं काढलेलं हिशोबाचं वजन साधारण ६१ किलो, किलोला ६ मिलीनं टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) ३७० मिलीच्या आसपास. तोच गडी काट्यावर ८५ भरला आणि कुणी त्यावर ५१० लावलं असेल, तर आधी ते कमी करून घ्या, गट नंतर बघू.