संदर्भ टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी: सरकारी कागद कुठे असतो आणि कसा मिळतो

बी.लिब. करून किंवा ग्रंथालय प्रमाणपत्र घेऊन सार्वजनिक ग्रंथालयात रुजू झालेल्याला वर्गीकरण, दाखल नोंदवही, देवघेव ही कामं येत असतात. अडतं ते संदर्भ टेबलावर. ठाण्यात किंवा नवी मुंबईत तिथे येणारे प्रश्न बरेचदा पुस्तकाचे नसतातच. सोसायटीच्या मागच्या भूखंडावर विकास आराखड्यात काय दाखवलंय, शाळेच्या अनुदानाचा शासन निर्णय कुठला, नाल्याच्या कामाचं बिल किती निघालं, असे ते असतात. आलेला माणूस त्याआधी दोन-तीन कार्यालयांच्या खिडक्यांवरून परतलेला असतो. त्याला योग्य कागदापर्यंत नेणं हे ग्रंथपालाचंच काम आहे असं आम्ही मानतो. त्यासाठी वकील असावं लागत नाही, चार-पाच कायदे नीट वाचलेले असावे लागतात.

आधी ग्रंथालयाशी थेट संबंध असलेले दोन कायदे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे. ग्रंथालय संचालनालय, जिल्हा ग्रंथालय अधिकारी, मान्यता, अनुदान, अ-ब-क-ड वर्ग ही सगळी रचना त्याच्यामुळे उभी राहिली. मात्र तो वाचताना एक लक्षात ठेवा: या कायद्यात ग्रंथालय कर नाही आणि नागरिकाला मोफत ग्रंथालयाचा हक्कही नाही. तो मुळात मान्यता आणि अनुदानाचा कायदा आहे. तुमच्या संस्थेची वर्गणी, तपासणी, निर्लेखन (जुनी पुस्तकं नोंदीतून कमी करणं) यांचे नियम त्याखालीच येतात. दुसरा १९५४ चा ग्रंथ प्रदान कायदा. भारतात पुस्तक छापणाऱ्या प्रकाशकाने ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि दिल्ली, चेन्नई, मुंबई इथल्या एकेका ग्रंथालयाला प्रत द्यायची असते. स्थानिक लेखक तुमच्याकडे याची चौकशी करतात. मुंबईची प्रत टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाची, एवढं त्यांना सांगता आलं पाहिजे.

बाकी सगळं काम माहिती अधिकार अधिनियम, २००५ भोवती फिरतं. नवीन माणूस इथे हमखास एक घाई करतो. प्रश्न ऐकला की लगेच अर्जाचा नमुना पुढे करतो. अर्ज म्हणजे किमान महिनाभर थांबणं, आणि बऱ्याचदा हवा असलेला कागद आधीच छापलेला किंवा संकेतस्थळावर टाकलेला असतो. म्हणून आधी प्रकाशित साहित्य पाहायचं, ते नसेल तर अभिलेख प्रत्यक्ष पाहायचा, आणि मग अर्ज.

प्रकाशित साहित्यात राजपत्र पहिलं. ठाणे-नवी मुंबईसाठी त्याचा ‘भाग एक – कोकण विभागीय पुरवणी’ फार कामाचा आहे. विकास आराखड्यातले फेरबदल, आरक्षणं, हरकती-सूचना मागवणाऱ्या सूचना तिथे येतात. वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवून कुणी मुदत विचारली, तर राजपत्राचा अंक काढून त्यावरची तारीख दाखवा. सूचनेत ‘राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून’ असं लिहिलेलं असेल, तर दिवस त्या तारखेपासूनच मोजायचे.

दुसरा शासन निर्णय. तो शोधायला विषयापेक्षा सांकेतांक बरा. आकड्यांची ती लांब ओळ निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात असते आणि तिचे पहिले आठ आकडे वर्ष-महिना-दिवस असे असतात. कुणाकडे अर्धवट झेरॉक्स असली, तरी तेवढ्यावरून संकेतस्थळावर तारखेने शोधता येतं. नवखे लोक वरचा ‘वाचा’ हा भाग सोडून देतात, आणि तोच सर्वात उपयोगी. त्यात आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा ओळीने दिलेल्या असतात. एक निर्णय हाती आला की त्यावरून मागे जात मूळ निर्णयापर्यंत पोचता येतं. पुढच्या बाजूलाही पाहा: नंतर शुद्धिपत्रक किंवा अधिक्रमित करणारा निर्णय निघालाय का? जुना निर्णय वाचकाच्या हाती देऊन त्याला खिडकीवर पाठवणं हे त्याचं नुकसान आहे.

तिसरं म्हणजे माहिती अधिकाराचं कलम ४. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती मागणीशिवाय, स्वतःहून प्रसिद्ध करायची आहे: अधिकाऱ्यांची कर्तव्यं, निर्णयप्रक्रिया, अभिलेखांची यादी, अर्थसंकल्प, अनुदानाचे लाभार्थी, परवाने मिळालेले, माहिती अधिकाऱ्यांची नावं. याच कलमात अभिलेखांची सूची करून ते निर्देशांकासह ठेवण्याचं बंधनही आहे. ग्रंथपालाला हे वेगळं समजवावं लागू नये, हा आपलाच विषय आहे. वाचकासाठी कार्यालयाचं पान उघडलं की या १७ बाबींची फाइल आधी शोधा. ती अर्धवट किंवा चार वर्षं जुनी असेल, तर तेही वाचकाला सांगा.

कुठलं कार्यालय हा प्रश्न नवी मुंबईत खरोखर अवघड आहे. जमीन बहुतेक सिडकोने संपादन करून भाडेपट्ट्याने दिलेली, बांधकाम परवानगी आणि नागरी सुविधा महापालिकेच्या, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक भूखंडांचं नियोजन एमआयडीसीचं. एकाच इमारतीचा भाडेकरार एकीकडे, भोगवटा प्रमाणपत्र दुसरीकडे. रेल्वे स्थानकाबद्दलचा प्रश्न असेल तर त्यात रेल्वेही आली. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या कागदांसाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची: १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. वसई, डहाणू, जव्हारकडचा त्याआधीचा कागद हस्तांतरित झाला की ठाण्यातच राहिला, हे आधी विचारायचं. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला तर कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे वर्ग करायचा असतो. तरी ‘संबंधित कार्यालयाकडे अर्ज करावा’ असं उत्तर येतंच. तेव्हा त्याच कलमाचा उल्लेख करून पहिलं अपील करता येतं.

आता अर्ज. राज्याच्या कार्यालयांसाठी जोडपत्र ‘अ’ चा नमुना आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. केंद्राच्या कार्यालयांना, म्हणजे रेल्वे, टपाल, जेएनपीए (न्हावा-शेवा बंदर) यांना, कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. तिथे भारतीय पोस्टल ऑर्डर किंवा ऑनलाइन शुल्क. या एका कारणाने पुष्कळ अर्ज परत येतात. स्टॅम्प कार्यालयात द्यायच्या मूळ प्रतीवर लावायचा, आणि पोचेचा शिक्का, तारीख, आवक क्रमांक आपल्या प्रतीवर घ्यायचा. अर्ज नागरिकाने स्वतःच्या नावाने करायचा. मंडळाच्या किंवा सोसायटीच्या लेटरहेडवर केला तर ‘नागरिक नाही’ म्हणून फेटाळायला निमित्त मिळतं. माहिती कशासाठी हवी हे लिहायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट सांगतं.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. लोकांना ही अट जाचक वाटते, पण नेमका अर्ज त्यात बसतो. बिघडतं ते भाषेमुळे. ‘आमच्या गल्लीतलं गटार का तुंबतं, याला जबाबदार कोण, कारवाई कधी करणार?’ असं लिहिलं की उत्तर येतं, ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.’ ते उत्तर चीड आणणारं असलं तरी त्याला आधार आहे. अधिकाऱ्याने आपल्याकडे असलेला अभिलेख द्यायचा असतो. नवी माहिती तयार करणं किंवा मत देणं त्याच्यावर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या प्रकरणात स्पष्ट केलंय. म्हणून तोच अर्ज असा लिहायचा:

‘विषय: अमुक प्रभाग समितीतील अमुक रस्त्यालगतच्या गटाराचे बांधकाम. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५. हवी असलेली माहिती: सदर कामाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, अंतिम देयक, दोषदायित्व कालावधी नमूद असलेले करारनाम्याचे पान, तसेच नस्तीतील टिपणी बाजू यांच्या साक्षांकित प्रती.’

इथे प्रत्येक गोष्ट कागद आहे आणि कार्यालयात तिला हेच नाव आहे (नस्ती म्हणजे फाइल, टिपणी बाजू म्हणजे तिच्यातली अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची पानं). ‘जबाबदार कोण’ याचं उत्तर मोजमाप पुस्तिकेवरच्या सहीत आणि टिपणीवरच्या शेऱ्यात आपोआप मिळतं. नव्याने आलेल्यांनी आस्थापना, बांधकाम, नगररचना, कर या विभागांतल्या कागदांची नावं वहीत लिहून ठेवावीत. आमच्या मते संदर्भ टेबलावरची ती सगळ्यात मोलाची वही.

प्रतींचा दर पानाला २ रुपये. शुल्काचं पत्र आलं की त्यात पानांची संख्या आणि हिशेब आहे का ते पाहा. पत्र पाठवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून भरायला उशीर करू नका. मुदत अर्ज मिळाल्यापासून ३० दिवस, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. मुदत उलटून गेल्यावर मिळणारी माहिती कलम ७(६) प्रमाणे विनामूल्य. हे कलम दाखवल्याशिवाय लक्षात घेतलं जात नाही.

पानं हजारांत असतील किंवा नेमका कागद कुठला तेच माहीत नसेल, तर आधी पाहणी करावी. शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख पाहता येतात. त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. ही सोय ठाऊक नसलेले लोक आजही इतके आहेत की ग्रंथालयाच्या दर्शनी फलकावर ती कायमची लिहावी. जाताना पेन नको, पेन्सिल न्या. पानांचे क्रमांक टिपून घ्या आणि मग तेवढ्याच पानांच्या प्रती मागा.

नकार आला तर त्यात कलम लिहिलंय का ते आधी बघायचं. ‘गोपनीय’ एवढाच शब्द पुरेसा नाही, कलम ८ मधलं कुठलं पोटकलम ते नमूद करावं लागतं. सध्या ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती, याचा आधार जास्त घेतला जातो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने हे पोटकलम बदललं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. आधी त्यातच असलेली व्यापक जनहिताची कसोटी आता तिथे नाही. आम्हाला हा बदल नागरिकाच्या विरुद्ध गेलेला वाटतो. तरी कलम ८(२) जागेवर आहे: जनहित हानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. अपिलात ते जनहित दोन वाक्यांत ठोसपणे मांडायचं. शिवाय कलम १० प्रमाणे नाव-पत्ता झाकून उरलेला कागद मागता येतो.

पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांत, जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. निर्णय ३० दिवसांत, कारणं नोंदवून फार तर ४५. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, पुन्हा २० रुपये. ठाणे जिल्ह्यासाठी कोकण खंडपीठ, ते बेलापूरच्या कोकण भवनात आहे. दिवस मोजताना लोक पहिल्या अपिलाची मुदत चुकवतात, कारण उत्तरच न आल्यामुळे ते वाट पाहत राहतात. उत्तर नसेल तर ३० वा दिवस संपला की अपिलाचे दिवस सुरू होतात. पोच मिळाली की त्याच दिवशी वाचकाच्या प्रतीवर पेन्सिलीने उत्तराची मुदत संपण्याची आणि पहिल्या अपिलाची शेवटची अशा दोन्ही तारखा लिहून द्या.

‘नस्ती आढळून येत नाही’ या उत्तराला महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहे. कार्यालयात कागद वर्गाप्रमाणे ठेवतात: ‘अ’ कायमचा, ‘ब’ ३० वर्षं, ‘ड’ एक वर्ष. नष्ट केला असेल तर नष्ट केल्याची नोंद असते, ती मागायची. नोंदही नसेल तर अभिलेख हरवल्याबद्दल काय कारवाई केली, त्याचे कागद मागायचे.

सेवा अडली असेल, म्हणजे दाखला किंवा परवाना मुदतीत मिळत नसेल, तर माहिती अधिकाराकडे वळू नका. त्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, त्याची अपिलं वेगळी.

वाचकाच्या अर्जाची प्रत ग्रंथालयात ठेवू नका. कोण काय मागतोय हे बाहेर गेल्यावर महाराष्ट्रात माणसांवर हल्ले झालेले आहेत. वहीत विषय आणि कार्यालय लिहा, नाव नको.

राहिलं आपलं कपाट. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, जनगणना पुस्तिका, महापालिकेचे अर्थसंकल्प, पर्यावरण स्थिती अहवाल, १८८२ चं ठाणे गॅझेटियर, यांची देवघेव होत नाही म्हणून निर्लेखनाच्या यादीत ती पहिल्यांदा जातात. १८९३ पासूनच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या जुन्या संस्थांत अभ्यासक मुद्दाम असलं साहित्य शोधत येतात. संकेतस्थळ बदललं की जुने अहवाल बरेचदा नाहीसे होतात, म्हणून छापील प्रत टाकण्याआधी ती दुसरीकडे आहे का ते तपासा, आणि पीडीएफ दिसली की त्याच दिवशी उतरवून ‘वर्ष-महिना-विभाग-विषय’ या नावाने जतन करा. स्वामित्व हक्काची भीती इथे अनाठायी आहे. १९५७ च्या कायद्याचं कलम ५२ राजपत्रातला मजकूर पुनर्मुद्रित करायला मोकळीक देतं, आणि भारतात विक्रीला नसलेल्या पुस्तकाच्या किंवा नकाशाच्या तीन प्रतींपर्यंत ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी काढता येतात. प्रत काढली की मूळ प्रतीचा दाखल अंक तिच्यावर लिहा आणि दाखल नोंदवहीच्या शेरा रकान्यात तशी नोंद करा, म्हणजे पुढच्या तपासणीत ती हिशेबाबाहेरची ठरणार नाही.