नवा फोन हातात कसा बसेल, ते घरीच बघा

दुकानात फोन दोन मिनिटं हातात येतो, तोही एसीत आणि कव्हरशिवाय. म्हापशाला जाऊन घ्यायच्या आधी मी हे घरी करते.

१. फोनची रुंदी आणि वजन कंपनीच्या साइटवर असतं. आयफोन १५ची रुंदी ७१.६ मिमी, वजन १७१ ग्रॅम. गॅलेक्सी एस२४ अल्ट्राची ७९ मिमी, २३२ ग्रॅम. कागदावर फरक किरकोळ वाटतो, अंगठ्याला मात्र लगेच कळतो.

२. जाड पुठ्ठ्याचे त्या मापाचे तुकडे कापा, फोनच्या जाडीइतके थर चिकटवा. एका हातात धरून अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन बघा. कव्हर लावणार असाल तर दोन्ही बाजूंनी एकेक मिमी वाढवा.

३. वजनासाठी दहा रुपयांची नाणी. एक साधारण पावणेआठ ग्रॅमचं, म्हणजे वरच्या दोन फोनमधला फरक आठ नाण्यांचा. आताच्या फोनच्या कव्हरला तेवढी नाणी टेपने लावा आणि संध्याकाळभर वापरा. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, गर्दीत एक हात दांड्याला असताना मनगट काय म्हणतं, ते खरं उत्तर.

दुकानात गेल्यावर दोनच गोष्टी उरतात: फोन टेबलावर ठेवून टाइप करताना डुगडुगतो का, आणि तळहात जरा ओला करून पुसल्यावर पाठ निसटते का. आपल्याकडच्या घामात गुळगुळीत काच फार दगा देते.

नाणी कव्हरलाच लावा, थेट काचेवर नको, चरे पडतात.