मिरग लागायच्या आत मळीच्या खड्ड्यावर छप्पर घाला

गोबरगॅस बसवला, चूल सुटली, गोठा स्वच्छ झाला. आणि संयंत्रातून पडणारी मळी? ती उघड्या खड्ड्यात. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. मळीतलं बरंचसं नत्र पाण्यात विरघळलेलं असतं, पालाशही तसाच. चार मोठ्या सरी आल्या की खड्डा भरून वाहतो आणि काळं पाणी वहाळाला लागतं. पावसानंतर माडांना घालता तो नुसता चोथा. मग "शेणखतात दम नाही" म्हणत दुकानातून दाणेदार सेंद्रिय खताच्या महागड्या गोण्या आणायच्या. हे वर्षानुवर्षं चाललंय.

मेअखेर हे करा: बांबूचा सांगाडा, वर चुडतांचे झाप नाहीतर ताडपत्री. छप्पर बुटकं ठेवा, पश्चिम आणि दक्षिण बाजू झापांनी बंद करा, पाऊस तिकडूनच आत मारतो. चढाच्या बाजूला चर मारा. जांभ्यात खणलेला खड्डा पाझरतो, म्हणून तळ-भिंती चिकणमातीने लिंपा. बागेतला पातेरा जाळू नका. पोत्यात भरून कोरडा ठेवा आणि खड्ड्यात मळीचा थर, पातेऱ्याचा थर असं रचत जा. पातेरा मळीचं पाणी शोषून घेतो.

विक्रेते मोठं संयंत्र गळ्यात मारतात. दोन घनमीटरला रोज सुमारे 50 किलो शेण लागतं. मोकळ्या चरणाऱ्या गावठी गुरांचं निम्मं शेण रानातच पडतं, तेव्हा घमेल्याने मोजा आणि मगच आकार ठरवा. सुरुवातीला 'कल्चर'ची (जिवाणूंच्या विरजणाची) बाटली घेऊ नका, ताज्या शेणात गॅस करणारे जिवाणू असतातच. चालू संयंत्रातली दोन-चार बादल्या मळी मिळाली तर उत्तम. काजूची बोंडं एकदम ओतली की संयंत्र आंबतं, ज्योत विझते. माझा अंदाज, शेणाच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे जाऊ नये. आंबलंच तर बोंडं बंद करून काही दिवस फक्त शेण द्या.

बाकी कामं:
– शेण-पाणी समभाग, काड्या काढून
– संयंत्राच्या तोंडावर झाकण, पावसाचं पाणी आत नको
– गॅसच्या नळीत साचलेलं पाणी काढणे
– मोठ्या आंबा कलमाला पावसाच्या सुरुवातीला 50 किलो शेणखत, रासायनिक मात्रा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे

उघड्या उकिरड्यात गेंड्या भुंग्याची अंडी-अळ्या वाढतात आणि भुंगे माडाचे कोंब कुरतडतात. खत उलटताना जाड पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून मारा, या अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी खड्ड्यात मिसळा. छपराखाली कोंबड्या सोडल्या तर अर्धं काम त्याच करतात.

संयंत्र बंद पडलं म्हणून गाळ काढायला आत कोणीही उतरू नये. तिथला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो.