कोचिंग कसे घ्यावे: उद्दिष्ट, आत्मविश्वास आणि कोकणातले वेळापत्रक

‘जरा आत्मविश्वास येऊ दे, मग सुरुवात करू’ या एका वाक्यावर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात कितीतरी चांगले बेत अडून राहिलेले दिसतात. दापोलीकडच्या एखाद्या कुटुंबाला घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या असतात, गुहागरच्या एखाद्या गृहिणीला आगळ आणि कोकम सरबत घाऊक विकायचे असते, लोटे-परशुरामच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागलेल्या तरुणाला सुपरवायझरच्या जागेसाठी अर्ज करायचा असतो. तिघांचीही समजूत अशी असते की आधी धीर येतो आणि नंतर काम होते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. झेपेल एवढे एक काम पार पडले की पुढच्या कामाचा धीर येतो. कोचिंगचा उपयोग करून घ्यायचा तो हा क्रम लक्षात ठेवूनच.

इथे परीक्षेचे क्लास अभिप्रेत नाहीत. ठरावीक मुदतीत, ठरावीक उद्दिष्टासाठी दोन व्यक्तींमध्ये नियमित होणाऱ्या बैठका, ज्यांत कोच प्रश्न विचारतो, विचार सुटसुटीत करायला मदत करतो आणि ठरलेले पाऊल उचलले गेले की नाही हे पुढच्या बैठकीत विचारतो, एवढेच त्याचे स्वरूप असते. चांगला कोच तयार उत्तर देण्याची घाई करत नाही. म्हणूनच आपल्याला नेमके काय हवे आहे, हे कोच शोधण्याआधी तपासावे. कलमांवरच्या रोगाची माहिती हवी असेल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे जावे. उद्योगासाठी कर्ज आणि अनुदान हवे असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करावी. केंद्र शासनाने 2020 साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी जी योजना आणली, तिच्यात प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, अशी अनुदानाची तरतूद केली गेली आणि अर्ज तयार करायला मदत म्हणून जिल्हा संसाधन व्यक्तीही नेमल्या गेल्या. अशा माहितीसाठी कोचला पैसे मोजणे म्हणजे शुद्ध अपव्यय. माहिती हाताशी आहे, अर्ज कपाटात पडून आहे आणि तरीही पाऊल उचलले जात नाही, अशी स्थिती असेल तेव्हाच कोचिंगचा विचार करावा.

आणखी एक सीमा पाळलीच पाहिजे. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, दोन-दोन आठवडे कशातही मन लागत नाही किंवा जीव नकोसा वाटतो, अशी लक्षणे असतील तर तो आत्मविश्वासाचा प्रश्न नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जावे किंवा ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. ही सेवा मोफत आहे आणि दिवसरात्र चालते. अशी लक्षणे ऐकूनही बैठका चालूच ठेवणारा कोच बेजबाबदार समजावा.

उद्दिष्ट आपल्या हातातले हवे

पहिल्या बैठकीला जाण्यापूर्वी वहीत एक वाक्य लिहून न्यावे: काय घडले म्हणजे हे कोचिंग उपयोगी पडले असे मी म्हणेन? हे वाक्य लिहिताना बहुतेक जण परिणाम लिहितात, जसे की सुपरवायझर होणे किंवा महिन्याला अमुक इतका व्यवसाय करणे. परिणाम लिहायला हरकत नाही, पण त्याचा मोठा भाग दुसऱ्यांच्या हातात असतो. बढती कंपनी देते, माल गिऱ्हाईक घेते. म्हणून त्याच्या खाली दुसरे वाक्य लिहावे, जे पूर्णपणे आपल्या हातात असेल: येत्या दोन महिन्यांत पाळीच्या सुरुवातीची सूचना बैठक दर आठवड्याला एकदा मी घेईन, किंवा दर बुधवारी दोन नव्या दुकानदारांना स्वतः भेटेन. कोचबरोबरच्या चर्चेचा भर या दुसऱ्या वाक्यावर असावा.

कोकणात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण इथली कितीतरी उद्दिष्टे सामाईक मिळकतीशी बांधलेली असतात. सातबाऱ्यावर आजोबांच्या पिढीपासूनची नावे, त्यांतले दोन काका मुंबईला, एक आत्या पुण्याला, आणि गावात राहणाऱ्या पुतण्याला त्याच घरात पर्यटकांची सोय करायची आहे. अशा माणसाने ‘येत्या मे महिन्यात घरगुती निवास सुरू करणे’ हे उद्दिष्ट धरले आणि संमतीअभावी ते फसले, तर तो स्वतःलाच नालायक ठरवून मोकळा होतो. त्याचे पहिले उद्दिष्ट वेगळे असायला हवे. गणपतीला सगळे चाकरमानी घरी आलेले असताना, आरती आणि जेवणे आटोपल्यावर, वडीलधाऱ्यांसमोर दोन खोल्यांच्या वापराचा आणि उत्पन्नाच्या वाटपाचा लेखी प्रस्ताव मांडणे, एवढेच ते असावे. संमती मिळेल किंवा मिळणार नाही. प्रस्ताव नीट मांडला गेला तर उद्दिष्ट पूर्ण झाले. कोचकडून या प्रसंगाची तयारी करून घेता येते: कोणते काका आधी एकटे भेटायचे, हिशेबाचा कागद कसा मांडायचा, ‘तू एकटाच खाणार’ असा टोमणा आला तर आवाज न चढवता काय उत्तर द्यायचे. माझ्या मते कोकणातल्या कोचिंगची खरी कसोटी इथेच लागते. शहरी नमुन्यावर ‘तुमचे स्वप्न तुमचे आहे, कुणाची पर्वा करू नका’ असे सांगणारा कोच आपल्याला घरात एकटे पाडतो.

बैठक प्रत्यक्षात कशी चालते

टेनिस शिकवणाऱ्या टिमथी गॉलवे यांनी 1970 च्या दशकात खेळाडूच्या मनातल्या अडथळ्यांविषयी जे विचार मांडले, त्यांच्या आधारे जॉन व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये पुढच्या दशकात चार टप्प्यांची एक पद्धत रूढ केली. उद्दिष्ट काय, आजची वस्तुस्थिती काय, मार्ग कोणकोणते आणि त्यांपैकी नक्की काय, कधी करणार, हे ते टप्पे. आजही अनेक कोच याच चौकटीत काम करतात, त्यामुळे ती आपल्यालाही माहीत असलेली बरी.

यांतला दुसरा टप्पा सर्वांत जास्त टाळला जातो. कोकम सरबत विकू पाहणाऱ्या गृहिणीचेच उदाहरण घेऊ. ‘दुकानदार आमचा माल घेतच नाहीत’ असे ती सांगते. कोच विचारतो, “ताई, गेल्या महिन्यात तुम्ही स्वतः किती दुकानदारांशी बोललात?” ती म्हणते, “मी नाही, हे जातात.” “मग दुकानदार नक्की काय म्हणाले, हे तुम्हांला कुणी सांगितले?” इथे ती थांबते, कारण नकाराचे कारण तिने कधी स्वतःच्या कानांनी ऐकलेले नसते. दर जास्त वाटला, बाटली गळत होती की लेबलावर तारीख नव्हती, यांपैकी काहीही असू शकते. त्या बैठकीतून एकच काम निघते: येत्या आठवड्यात बाजारातल्या तीन दुकानदारांना स्वतः भेटून फक्त कारण विचारायचे, माल विकायचा नाही. विकण्याचे दडपण काढून घेतल्यामुळे हे काम तिला झेपते आणि परत येताना तिच्याकडे खरी माहिती असते.

मनात येणारे भय आधीच ओळखून त्यावरचे वाक्य तयार ठेवणे हीदेखील उपयुक्त रीत आहे. ‘अमुक घडले, तर मी तमुक करीन’ अशा नेमक्या स्वरूपात ठरवलेली गोष्ट नुसत्या निश्चयापेक्षा अधिक वेळा पार पडते, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी प्रयोगांच्या आधारे 1990 च्या दशकात दाखवले. आपल्या गृहिणीचे वाक्य असे होईल: दुकानदार ‘ठेवून जा, खपले तर पैसे देतो’ म्हणाला, तर मी म्हणेन, ‘सहा बाटल्या रोखीने घ्या, पंधरा दिवसांत न खपलेल्या मी परत नेईन.’ हे वाक्य कोचसमोर मोठ्याने म्हणून पाहावे आणि कोचला दुकानदार करून चार वेळा नकार द्यायला लावावा. आपल्या मालाचा दर स्पष्ट आवाजात सांगणे आणि सांगून झाल्यावर गप्प बसणे, याला सरावच लागतो.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी 1977 साली स्वतःच्या क्षमतेवरच्या विश्वासाचे चार स्रोत सांगितले, ते कोचिंग घेताना मार्गदर्शक ठरतात. पहिला आणि सर्वांत बळकट स्रोत म्हणजे स्वतः केलेल्या कामाचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच माणसाला ते काम करताना पाहणे. इथे ‘आपल्यासारख्याच’ हा शब्द मोलाचा आहे, कारण मुंबईच्या व्यासपीठावरील उद्योजकापेक्षा शेजारच्या वाडीतली, तेवढेच शिकलेली बाई पर्यटकांना जेवण वाढताना पाहिली तर त्याचा परिणाम अधिक होतो. तिसरा, विश्वासातल्या माणसाचे प्रोत्साहनाचे शब्द. चौथा, शरीराची अवस्था, म्हणजे छातीतली धडधड आपण भीती समजतो की तयारी, हा प्रश्न. पुष्कळसे प्रेरणादायी कार्यक्रम फक्त तिसऱ्या स्रोतावर चालतात, म्हणून त्यांचा परिणाम घरी पोहोचेपर्यंत ओसरतो. आपल्या कोचने पहिल्या दोन स्रोतांवर वेळ घालवला पाहिजे.

नोकरीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य करावी. घरात मालवणी किंवा संगमेश्वरी बोलणारी मुले आपले काम आधी प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत सांगू पाहतात आणि शब्दांच्या शोधात मुद्दाच हरवून बसतात. केलेले काम आधी घरच्या बोलीत सविस्तर सांगावे. यंत्र कोणते होते, बिघाड काय होता, आपण काय केले आणि किती वेळात, हे सगळे बोलून घ्यावे. मग तेच मुलाखतीच्या भाषेत आणावे. बोली चुकीची असते, असे सुचवणाऱ्या प्रशिक्षकापासून दूर राहावे.

वेळापत्रक

बैठका साधारणपणे पाऊण तास ते तासाभराच्या, पंधरा दिवसांनी एकदा, अशा तीन ते सहा महिने चालतात. त्या कधी सुरू कराव्यात, हे कोकणात ऋतू पाहून ठरवावे. आंबा बागायतदाराने मोहराच्या आणि फवारणीच्या दिवसांत किंवा मार्च ते मे या तोडणीच्या हंगामात नवे काही आरंभू नये. त्याला पावसाळा सोयीचा. यांत्रिक नौकांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, तेव्हा नौकामालकाला हिशेब, कर्ज आणि पुढच्या हंगामाचा विचार करायला सवड असते. कोकमाची फळे एप्रिल-मेमध्ये हाताशी येतात आणि पावसाआधी सोले वाळवावी लागतात, म्हणून दुकानदारांच्या गाठीभेटींचे काम त्या गृहिणीने डिसेंबर-जानेवारीतच उरकावे. पर्यटकांची सोय करणाऱ्यांना दिवाळी, नाताळ आणि मे महिना मोकळा नसतो. शिमग्याच्या आणि गणपतीच्या आठवड्यात बैठक ठेवूच नये. ती रद्द होणार हे दोघांनाही आधीच ठाऊक असते.

कोच निवडताना

आपल्याकडे कोच म्हणवून घेण्यासाठी कायद्याने कोणताही परवाना लागत नाही, त्यामुळे चौकशीची जबाबदारी आपल्यावर येते. 1995 साली स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था तीन पातळ्यांची प्रमाणपत्रे देते. पहिल्या पातळीसाठी किमान 60 तासांचे प्रशिक्षण आणि 100 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, दुसरीसाठी 125 आणि 500 तास, तर तिसरीसाठी 200 आणि 2500 तास. प्रमाणपत्र असलेला प्रत्येक कोच चांगलाच असतो असे नाही, पण निदान प्रश्न विचारायला एक आधार मिळतो. ओळखीची एक बैठक विनामूल्य मागावी. त्या बैठकीत समोरची व्यक्तीच अधिक बोलत राहिली किंवा तिने यशाची हमी दिली, तर शोध पुढे चालू ठेवावा.

गोपनीयतेविषयी लहान गावात अधिक काटेकोर राहावे लागते. चिपळुणातल्या कोचची मेहुणी आपल्याच कार्यालयात असू शकते. शक्यतो दुसऱ्या तालुक्यातील कोच निवडून बैठका फोनवर घ्याव्यात; व्हिडिओ असलाच पाहिजे असे नाही, आणि पावसाळ्यात वीज व नेटवर्क यांचा भरवसा नसताना साधा फोन अधिक सोयीचा. बैठकांची संख्या, एकूण शुल्क, रद्द झालेल्या बैठकीचे काय, मध्येच थांबल्यास किती पैसे परत आणि बोललेले कुणाला सांगितले जाणार नाही, हे कागदावर घ्यावे. शुल्क कंपनी भरत असेल तर आपल्याविषयी व्यवस्थापनाला काय कळवले जाईल, ते पहिल्या बैठकीआधीच तिघांनी मिळून ठरवावे.

शुल्क परवडत नसेल तर दोघींनी किंवा दोघांनी मिळून हे काम करता येते आणि बचत गटाच्या बैठकीनंतरची वेळ त्यासाठी चांगली. पहिली वीस मिनिटे एकीने फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही, आणि शेवटी दुसरीने पुढच्या भेटीपर्यंतचे एक काम तारखेसह वहीत लिहायचे, नंतर अदलाबदल. सल्ला न देण्याचा नियम पाळणे जड जाते, विशेषतः जावा-जावांमध्ये, म्हणून जोडीदार नात्याबाहेरची घ्यावी.

वहीच्या प्रत्येक पानावर तारीख, ठरलेले काम आणि ते झाले की नाही, एवढेच लिहावे. चौथ्या बैठकीच्या सुरुवातीला ही पाने कोचसमोर उलटून पाहावीत. कामे होत असतील तर पुढच्या बैठकांमधले अंतर वाढवायला सांगावे. तीन पानांवर ‘झाले नाही’ असेच असेल, तर उद्दिष्ट मोठे आहे, दुसऱ्याचे आहे की कोच जुळत नाही, हे त्याच बैठकीत मोकळेपणी विचारावे. समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर करारातील अटीप्रमाणे उरलेल्या बैठकांचे शुल्क परत मागावे.