पोरगं चवड्यावर चालतंय? आधी घरी हे बघा, मग व्हिडिओ घेऊनच डॉक्टरकडे जा

आमचं पोरगं अडीच वर्षांचं झालं तरी टाचा टेकवत नव्हतं. राजवाड्यासमोर गांधी मैदानात सोडलं की चवड्यावर तुरुतुरु पळत सुटायचं, आणि सासूबाईंचं एकच, अगं याचा बापपण असाच चालायचा, होईल नीट. शेवटी साताऱ्यातच एका डॉक्टरांकडे नेलं तर तिथं साहेब टाचा टेकवून इतके छान चालले की मीच खोटारडी ठरले, दोन मिनिटांत बाहेर.

म्हणून पहिलं काम व्हिडिओ. बूट-मोजे काढा, चड्डीवर ठेवा म्हणजे गुडघे दिसतात, मोबाईल जमिनीलगत धरा आणि एकदा बाजूने, एकदा पाठीमागून घ्या. "चालून दाखव" म्हणू नका, म्हटलं की पोरं नीट चालतात, खेळात दंग असताना गुपचूप काढायचा. जिना चढतानाचा एक आणि खाली बसल्यावर उठतो कसा त्याचा एक, हा उठतानाचा विसरू नका, का ते खाली सांगते.

आता घाबरायचं कधी? नुकतं चालायला लागलेलं पोरगं काही महिने चवड्यावर चाललं तर त्यात विशेष काही नाही, बहुतेकांचं आपोआप जातं. पण दोन वर्षं पूर्ण झाली आणि अजून बराच वेळ तसंच चालू असेल तर दाखवून घ्या. आणि आधी नीट चालणारं पोरगं मधूनच चवड्यावर चालायला लागलं किंवा एकच पाय तसा टाकत असेल तर वय बघत बसूच नका.

घरी काय बघायचं ते सांगते. पाय ओले करून कोरड्या फरशीवरून चालवा, टाचेचा ठसा उमटतो का बघा. उकिडवं बसवा, टाचा टेकतात की मागं कलंडतो? कलंडत असेल तर टाचेमागची शीर आखडलेली असू शकते. एकाच पायाचं असेल तर उताणं झोपवून दोन्ही गुडघे दुमडा आणि पावलं शेजारी शेजारी ठेवा, एक गुडघा खाली दिसला तर एक पाय आखूड किंवा खुबा निखळलेला असू शकतो.

आता ते उठतानाचं. ड्यूशेन म्हणून स्नायूंचा आजार आहे, तो जवळजवळ मुलग्यांनाच होतो. त्यात मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत, आपल्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो, सारखा पडतो, पोटऱ्या गुबगुबीत दिसतात आणि लोक म्हणतात काय तब्येत आहे. सीपीके नावाची साधी रक्ततपासणी केली की पहिला अंदाज येतो, ती सांगितली तर टाळू नका.

बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं, काचेच्या पेटीत ठेवलेलं, मान धरायला-बसायला उशीर आणि पाय ताठ, असं असेल तर सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं हालचालीत येणारा दोष, आहे का बघतात. कमरेच्या खाली मणक्यावर खोल खळी किंवा केसांचा झुपका आहे, किंवा सू कळायला लागलेलं पोरगं परत कपड्यात करतंय, तर मणका तपासायला लागतो. हाक मारली तर बघत नाही, बोट दाखवून वस्तू मागत नाही, बोलणं मागं आहे, तर ऑटिझमचं विचारा, पण नुसतं चवड्यावर चालतंय म्हणून ऑटिझम असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

यातलं काहीच निघालं नाही तरच डॉक्टर सवय म्हणतात, त्याला आयडिओपॅथिक म्हणतात, आणि ते बऱ्याचदा घराण्यात असतं, म्हणजे सासूबाई अगदीच चुकल्या नव्हत्या, पण तपासल्याशिवाय ते कळणार कसं?

पैशाची अडचण असेल तर अंगणवाडीत विचारा. 2013 पासून सरकारची आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ही मुलांच्या तपासणीची योजना आहे, त्यांची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, 18 वर्षांपर्यंतची मुलं त्यात बसतात आणि गरज असेल तर पुढं जिल्ह्याला पाठवतात.

बसायचा वॉकर असेल तर काढून टाका, त्यात पोरं चवड्यानेच ढकलतात, कॅनडात तर 2004 पासून विकायलाच बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो उभं राहून ढकलायचा. मालिश करा खुशाल, पोराला बरं वाटतं, पण आखडलेली शीर तेलाने लांबत नाही.

आमच्या फिजिओताईंनी शिकवलं ते असं: गुडघा सरळ, टाच आपल्या तळहातात, पाऊल हळूच नडगीकडे, वीस-तीस आकडे मोजायचे, पोरगं रडलं की सोडायचं. पण हे आधी त्यांच्यासमोर करून बघा, मी पहिल्यांदा नुसता पंजाच वाकवत होते आणि टाच होती तिथंच. बाकी अजिंक्यताऱ्याचा चढ चालवायचा, पोटरी आपोआप ताणते. एवढ्यानं नाही भागलं तर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायचं प्लॅस्टर, मग स्प्लिंट म्हणजे पाऊल नीट धरून ठेवणारा आधार, ऑपरेशन अगदी शेवटी. आमचं प्लॅस्टरपर्यंत गेलं नाही. अजून दमला की टाचा उचलतो, पण "टाच टेक, टाच टेक" म्हणून मागं लागणं मी सोडलं, आता नुसत्या टाचांवर चालायची शर्यत लावतो आणि त्यात रोज मी हरते.