जुलैतला नाताळ: आठ पाहुणे, एकच ओव्हन

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये डिसेंबरचा नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. त्या उकाड्यात तीन-चार तास ओव्हन पेटता ठेवायचा आणि वर सुक्या मेव्याचं वाफाळतं पुडिंग खायचं, हे नकोसंच होतं. म्हणून थंडीतलं ते जड जेवण बरेच जण जून-जुलैत घालतात; सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये तर त्याला ‘यूलफेस्ट’ असं नावच आहे. मेनू ठरवायला वेळ लागत नाही. सगळं अडतं ते ओव्हनपाशी, कारण टर्कीला (कोंबडीहून बराच मोठा पक्षी, अख्खाच भाजतात) १६० अंश सेल्सिअस लागतात, बटाट्यांना २१०, आणि ओव्हन एकच.

आठ जणांना पाच किलोची टर्की पुरते, थोडी उरतेही. गोठवलेली असेल तर खोल ताटात घालून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा आणि पूर्ण तीन दिवस धरा. ओट्यावर ठेवलीत तर वरचं मांस तासन्‌तास कोमट राहतं आणि पोटात बर्फ तसाच असतो. नळाखाली धुऊ नका, त्याने जंतू सिंकभर उडतात. आदल्या दिवशी पोटातली काळीज-मानेची पिशवी काढा (ती आतच राहून भाजली गेल्याचे प्रकार दरवर्षी होतात), टर्की टिपून कोरडी करा आणि किलोला १० ग्रॅम या हिशेबाने मीठ चोळून रात्रभर उघडीच फ्रिजमध्ये ठेवा. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारं पाणी मांसात मुरतं. कातडी सुकते, म्हणून ती कुरकुरीत भाजली जाते. मात्र पाकिटावर मिठाचं पाणी भरल्याचं लिहिलं असेल, तर वरून मीठ लावू नका.

जेवण सात वाजता असेल तर टर्की अडीचला ओव्हनमध्ये गेली पाहिजे. तासभर आधी बाहेर काढा आणि कातडीला लोणी लावा. पोटात सारण भरू नका. सारण शिजेपर्यंत छातीचं मांस भुस्सा होतं. ते वेगळ्या भांड्यात बटाट्यांबरोबर भाजा. छाती मांडीच्या आधी शिजते, म्हणून रंग आला की छातीवर फॉईल टाका. सव्वातीन तास हा नुसता अंदाज आहे, खरा निकाल थर्मामीटरचा. मांडीच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न लावता खुपसा, छातीतही बघा. दोन्हीकडे ७४ अंश आले की बाहेर.

पावणेसहाला टर्की बाहेर, वर सैल फॉईल. तिला आता तासभर हात लावायचा नाही. लगेच कापली तर सगळा रस पाटावर वाहून जातो. आणि हाच तास बटाट्यांचा.

दोन किलो पिठूळ बटाटे मोठ्या फोडी करून आधीच उकळत्या खारट पाण्यात आठ-दहा मिनिटं शिजवून ठेवा. निथळून, झाकण लावून पातेलं तीन-चारदा खडखडून हलवा. फोडींच्या कडा खरबरीत झाल्या, त्यांवर पांढरं पीठ दिसलं, की जमलं. पुढे कुरकुरीत होतं ते हेच. झाकण काढून वाफ पूर्ण जाऊ द्या. ओले बटाटे तेलात भाजले न जाता नुसते वाफवले जातात. २१० अंशांवर ट्रेमध्ये तेल दहा मिनिटं तापवा, सहाला बटाटे सोडा (चर्र आवाज यायला हवा), पन्नास मिनिटं, मध्ये एकदा उलटा. ट्रेमध्ये गर्दी केलीत तर ते मऊच राहतात.

ग्रेव्ही टर्कीच्या ट्रेमधल्या रसाची. वर आलेली चरबी काढून त्यातली पाच मोठे चमचे पातेल्यात घ्या, तेवढाच मैदा घालून दोन मिनिटं परता. मग तो रस आणि गरम स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी) मिळून ७५० मिलिलिटर, पण थोडा थोडा. एकदम ओतलात तर गुठळ्या होतात. झाल्याच तर गाळणीतून काढा, कोणाला कळत नाही.

आता पेयं. पाहुणे आल्या आल्या हातात गरम मसाल्याची वाइन द्या. लाल वाइनच्या दोन बाटल्यांना १५० ग्रॅम साखर, एक कप पाणी, दोन दालचिनीच्या काड्या, आठ लवंगा, एक चक्रीफूल आणि संत्र्याच्या सालीच्या पट्ट्या (पांढरा भाग कडवट, तो नको). पाक आधी दहा मिनिटं उकळा, वाइन नंतर घाला आणि नुसती वाफ येईल इतकीच तापवा. बुडबुडे आले की मद्यार्क उडायला लागतो आणि चव आंबट-कडवट होते. अर्ध्या तासाने मसाला काढून टाका, नाहीतर लवंग सगळ्यांवर मात करते. मुलांना आणि गाडी चालवणाऱ्यांना हाच मसाला सफरचंदाच्या रसात उकळून द्या, साखरेशिवाय.

टर्कीबरोबर टास्मानिया किंवा न्यूझीलंडमधल्या सेंट्रल ओटागोची पिनो न्वार ही हलकी लाल वाइन, १५ अंशांच्या आसपास. कॅबर्नेसारखी दणकट लाल वाइन इथे चुकते: तिचा तुरटपणा तोंड आणखी कोरडं करतो आणि टर्कीचं मांस मुळात कोरडंच. माणशी अर्धी बाटली धरा. क्रॅनबेरी सॉस बेतानेच वाढा, त्याच्या गोडीपुढे वाइन आंबट लागते. पुडिंगला वाइन पुडिंगहून गोड हवी. ऑस्ट्रेलियातल्या रदरग्लेनची मस्कॅट उत्तम. माणशी ६० मिलिलिटर, म्हणजे ५०० ची बाटली आठ जणांना बरोबर होते.

पुडिंग आयतं आणलंत तरी चालेल, पण पाचलाच वाफेवर चढवा, दोन तास तरी. पाणी आटलं तर उकळतंच घाला. वाढताना त्यावर पेटती ब्रँडी ओतायची प्रथा आहे; त्यासाठी ६० मिलिलिटर ब्रँडी छोट्या पातेल्यात कोमट करा. थंड ब्रँडी पेट घेत नाही, उकळलेलीतला मद्यार्क उडून गेलेला असतो. गॅस बंद, वरचा पंखा बंद, लांब काडीने पातेल्यातच पेटवा आणि पुडिंगवर ओता. बाटलीतून थेट कधीही ओतू नका. डोक्यावर नाताळच्या जेवणात घालतात ते कागदी मुकुट असतील तर ते आधी काढायला लावा.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत हाडावरून सोडवून फ्रिजमध्ये, चार दिवसांच्या आत संपवा. सांगाडा रात्रीच पातेल्यात घाला, सूपचा स्टॉक होतो.