जिनिंगचा हिशेब गाठीमागे मांडा

पर्यावरण म्हटलं की कापसातली सरकी (बी) काढून रुई वेगळी करणाऱ्या बऱ्याच जिनिंग कारखान्यांत पावसाळ्यात गेटजवळ रोपं लागतात आणि मार्चपर्यंत वाळून जातात. झाडं लावावीच, पण सुरुवात मुनीमजींच्या वहीपासून करा. १७० किलोच्या एका रुईगाठीला साधारण ५ क्विंटल कापूस लागतो. त्या गाठीमागे किती युनिट वीज, किती लिटर पाणी, किती किलो कचरा, एवढं रोज लिहा. आवक रोज वेगळी असते, त्यामुळे महिन्याच्या बिलावरून काही उमगत नाही. गाठीमागे वीज वाढली की आधी जिन यंत्रातल्या, रुई ओढणाऱ्या रोलरच्या खाचा पाहा. झिजल्या असतील तर जिन तेवढाच वेळ चालून रुई कमी काढतो.

दसऱ्याआधी दुरुस्ती काढाल तेव्हा रोलरचाच विचार करा. क्रोमने कमावलेल्या चामड्याचा रोलर पात्याला घासून झिजत राहतो. ती भुकटी मजुरांच्या छातीत जाते, रुईत जाते, सरकीत जाते, आणि सरकीची ढेप जनावरं खातात. रबर-कापडाचे रोलर मिळतात. सगळे एकदम बदलू नका. दोन जिनांवर बसवा, तापतात का आणि रुई किती निघते ते नोंदवा, मग पुढच्या हंगामाचं बजेट ठरवा.

सगळ्यात मोठी जबाबदारी बोंडअळीची. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचं काय केलं, ते शिवारात कोणाला सांगावं लागत नाही. ही अळी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून आत सुप्त पडून राहते, कापसाच्या गाडीतून आवारात येते आणि पतंग होऊन शेजारच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, जाते. आवाराच्या कडेनं कामगंध सापळे टांगा; मादीच्या गंधानं नर पतंग त्यात ओढले जातात. चूक होते ती पुढे: सापळा हंगामभर तसाच लटकतो, आतली गंधाची गोळी कोणी बदलत नाही. साधारण ३ आठवड्यांनी ती बदलायचीच. कवडी (किडका, डागी कापूस) आणि किडकी सरकी ढिगात साठू देऊ नका, आणि भावाच्या आशेनं सरकी पुढच्या पेरणीपर्यंत अडवून ठेवू नका.

खरेदीत एक अट घाला: खताच्या प्लास्टिक पोत्यातला कापूस नको. त्याचे धागे रुईत शिरले की सूतगिरणी भाव पाडते. वेचणीआधीच शेतकऱ्यांना सुती झोळ्या द्या.

छपराचं पाणीही सोडू नका. २,००० चौरस मीटर शेडवर ८०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती धरूनही सुमारे १२ लाख लिटर हाती येतं. फक्त मृगाआधी पन्हळी झाडून घ्या. वर बसलेली रुई भिजली की पाइपात बोळा होऊन अडकते.